वावरातील दगडी पाते

(मंदिर जीर्णोद्धार समारंभातील भाषणाचा मजकूर)



देवळाच्या कार्यक्रमात दगडाच्या पात्याचा विषय कशाला, असे काही मंडळींस वाटणे साहजिक आहे. परंतु जीर्णोद्धार म्हणजे तरी काय? पूर्वजांच्या हातची वस्तू ओळखावयाची, तिचे मूळ रूप न बिघडविता ती पुढच्या पिढीच्या स्वाधीन करावयाची. देवळाचा खांब मोठा असतो, चौकटीवर नक्षी असते, म्हणून तो कोणी फेकून देत नाही. पण वखरणीच्या वेळी किंवा पहिला पाऊस पडून गेल्यावर वावरात बोटाएवढे, दोन्ही कडांना धार असलेले गारगोटीचे पाते वर आले, तर ते पायाला लागेल म्हणून धुऱ्यावर भिरकावले जाते. खांब सातआठशे वर्षांचा असेल. पाते तीन हजार वर्षांचे असू शकते, आणि पंचवीस हजार वर्षांचेही असू शकते.

प्रथम दगड कोणता ते पाहावे. आपला सारा मुलूख काळ्या दगडाचा आहे. हा दगड म्हणजे प्राचीन काळी जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हा. तो थिजताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या व पुढे त्या पोकळ्यांत निरनिराळे खनिज द्रव्य साचले. त्यातूनच गारगोटी, अकीक, कॅल्सेडनी, तांबडा-पिवळा जास्पर हे दगड तयार झाले. काळा दगड झिजून त्याची माती झाली. हे कठीण गोटे तसेच राहिले आणि नदीनाल्यांनी ते सर्वत्र पसरविले. म्हणून पैनगंगेच्या पात्रात आणि माळरानावर ते विपुल सापडतात. अश्मयुगातील माणसाने हाच दगड निवडला, कारण तो काचेसारखा फुटतो. काचेच्या फुटक्या तुकड्याची धार किती तीक्ष्ण असते ते सांगावयास नको.

आता मुख्य प्रश्न. वावरात हजार गोटे फुटलेले असतात. त्यांपैकी माणसाने फोडलेला कोणता आणि आपोआप फुटलेला कोणता, हे कसे ओळखावे?

याचे उत्तर पुस्तकात शोधण्याची आज गरज नाही. ते देवळाच्या आवारातच पडलेले आहे. पाथरवटांनी दगड घडविताना जे टवके उडाले, त्यांतला एक मोठा टवका उचलून पाहावा. जेथे घाव बसला ती जागा त्याच्या एका टोकास दिसेल. तिच्या लगेच खाली, आतल्या अंगास, किंचित फुगीर उंचवटा असतो. बोट फिरविले तरी तो जाणवतो. त्या उंचवट्यापासून पुढे, विहिरीत खडा टाकल्यावर पाण्यावर उठतात तशा मंद लाटा गेलेल्या असतात. घाव, उंचवटा आणि लाटा ही एकाच ठिकाणाहून बसलेल्या जोरदार आघाताची निशाणी होय. काळ्या दगडात ती ढोबळ उमटते, गारगोटीत आणि अकीकात अगदी स्पष्ट. ज्याने पाथरवटाचे दहा टवके नीट न्याहाळले, त्याला अकरावा टवका वावरात ओळखता येतो.

पण टवका म्हणजे पाते नव्हे. टवका कसाही उडतो, पाते मात्र योजून काढावे लागते. त्याची लांबी रुंदीच्या निदान दुप्पट असते, दोन्ही कडा जवळजवळ समांतर जातात, पोटाची बाजू सपाट व गुळगुळीत असते आणि पाठीवर एक किंवा दोन सरळ कणे उभे असतात. शेवग्याच्या शेंगेच्या अंगावर उभ्या धारा असतात, तसे हे कणे दिसतात. एक कणा असेल तर पाते मध्ये मोडून पाहिल्यास त्रिकोण दिसेल; दोन असतील तर वरची बाजू अरुंद असलेला चौकोन. (मोडून पाहू नये हे उघड आहे. मोडलेली पातीच जास्त सापडतात, त्यांच्यावर भागवावे.)

हे कणे कोठून आले? ज्या गोट्यापासून पाती काढावयाची त्याच्या एका बाजूस उजवीकडून व डावीकडून आळीपाळीने घाव घालून आधी एक नागमोडी कणा तयार करीत. मग वरच्या टोकावर शिंगाची किंवा हाडाची टोकदार काडी टेकवून नेमका दाब किंवा ठोका दिला की तो कणा सबंध सुटून येई. तो सुटला की त्याच्या दोन्ही अंगांना दोन नवीन सरळ कणे उभे राहत आणि त्यांच्या आधाराने पुढची पाती एकामागून एक निघत. ऊस सोलताना एक पट्टी नीट निघाली की पुढच्या पट्ट्या तिच्या कडेने सरळ निघतात, तसाच हा प्रकार. शेवटी हातात उरे तो गाभा, चोहोबाजूंनी उभ्या पन्हळी पडलेला. असा गाभा सापडला तर तो पात्यापेक्षाही महत्त्वाचा समजावा, कारण मग पाती त्याच जागी तयार होत होती असे म्हणण्यास आधार मिळतो.

काही पात्यांची एक कड मुद्दाम बारीक टवके काढून बोथट केलेली असते. धार बोथट का करावी? कारण ती बाजू लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत झाडाच्या चिकाने बसवावयाची असे. चारपाच पाती ओळीने बसविली की विळा झाला. एखादे पाते झिजले तर तेवढेच काढून नवे बसवावे, सबंध विळा टाकावा लागत नसे. धान्याची ताटे कापून कापून काही पात्यांच्या कडेवर एक चमक चढलेली असते. ती हाताने घासून येत नाही. ही चमक दिसली तर ते पाते कापणीचे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

फसवणारे प्रकारही पुष्कळ आहेत. बैलगाडीचे चाक, नांगर आणि अलीकडे ट्रॅक्टर यांच्याखाली गोटा फुटला तर कडेला बारीक टवके उडतात. पण ते कसेही, दोन्ही बाजूंनी, वेडेवाकडे असतात आणि फुटलेला भाग बाकीच्या दगडाहून ताजा दिसतो. जुन्या पात्यावर सर्वांगाला सारखेच मंद पुट चढलेले असते. खडी फोडण्याच्या यंत्रातूनही उंचवट्याचे टवके पडतात, म्हणून सडकेच्या कडेला सापडलेल्या वस्तूविषयी सावध असावे. पाथरवटाचे टवके जुन्या हेमाडपंती देवळांभोवती शेकड्यांनी असतात. ते अश्मयुगातील नव्हेत. आणि एक प्रकार वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. काडेपेटी घरोघर येण्यापूर्वी चिलीम पेटविण्यासाठी बटव्यात चकमक, गार आणि कापूस बाळगीत. त्या गारेच्या कडा पोलादावर आपटून चेचलेल्या असतात, पाठीवर सरळ कणे नसतात. ठासणीच्या काही बंदुकांच्या घोड्यातही अशीच गार बसवीत. अशी गार म्हणजे शेदोनशे वर्षांपूर्वीची वस्तू. तिलाही किंमत आहे, पण ती वेगळ्या हिशेबाची.

पाते खरे आहे असे ठरले. आता ते किती जुने? येथे भल्याभल्यांना थांबावे लागते.

हिंदुस्थानात पुराश्मयुगीन हत्यार प्रथम ओळखले गेले ते ३० मे १८६३ रोजी, मद्रासजवळ पल्लावरम येथे. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे रॉबर्ट ब्रूस फूट यांनी ते ओळखले. त्याच दशकात आपल्या गोदावरीवरही एक शोध लागला. याच खात्याचे विन नावाचे अधिकारी पैठणच्या परिसरातील मुंगी येथे, जिचे नाव आपण मुंगी-पैठण असे जोडूनच घेतो, नदीकाठचे जुने थर तपासीत होते. गोट्यांच्या थरात त्यांना अकीकाचा एक टवका मिळाला. वस्तू एवढीशी. पण ती माणसाने घडविलेली आहे की काय, आणि तो थर कोणत्या काळचा, या दोन प्रश्नांवर खात्याचे प्रमुख ओल्डहॅम यांनी १८६८ साली स्वतंत्र लेख लिहिला. थराचे वय सांगताना त्यांनी शीर्षकातच प्रश्नचिन्ह घातले. एवढ्या मोठ्या पदावरील माणसाने प्रश्नचिन्ह घालण्यास कमीपणा मानला नाही, हे आज वर्तमानपत्रांतून लाखो वर्षांचे आकडे बेधडक छापणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या टवक्याची चर्चा होऊ शकली, कारण तो कोणत्या थरातून निघाला हे विन यांनी स्वतः पाहिले होते.

दुसरे उदाहरण चाळीसगावजवळच्या पाटणे गावचे. पाटणादेवीमुळे ते गाव सर्वांना ठाऊक आहे. तेथीलच शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रसिद्धीस आणला व भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याची हकीकत जगास कळली. त्या पाटणे येथे १९७२-७३ साली पुरातत्त्व खात्याचे श्री. एस. ए. साळी यांनी उत्खनन केले. खालपासून वरपर्यंत थरांत दगडी हत्यारे मिळाली. जास्परची व कॅल्सेडनीची पाती मिळाली. आणि त्यांच्याबरोबर शहामृगाच्या अंड्याची कवचे मिळाली. एका तुकड्यावर आडव्या-तिरप्या रेघांची नक्षी कोरलेली होती, कवचाचे मणीही होते. खानदेशात शहामृग! त्या कवचांच्या परीक्षेवरून काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा ठरला. पात्यांचे वय पात्यांवरून ठरले नाही, शेजारी पडलेल्या कवचावरून ठरले, हे विसरू नये.

तिसरे इनामगाव, पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांच्या देखरेखीखाली १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथे काम चालले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ती वस्ती. जव पिकवीत, गुरे पाळीत, मातीच्या गोल व चौकोनी घरांत राहत, लहान मूल वारले तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून घरातच जमिनीखाली पुरीत. तांबे त्यांना माहीत होते, पण ते थोडे व महाग. म्हणून रोजचे कापणे-चिरणे कॅल्सेडनीच्या पात्यांनी चाले. ती ढिगाने मिळाली. विदर्भातही अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यातील तुळजापूर गढी येथे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या वतीने श्री. बोपर्डीकर यांनी १९८४-८५ साली उत्खनन केले आणि जोर्वे पद्धतीची, म्हणजे तांबड्यावर काळ्या नक्षीची भांडी वापरणाऱ्या त्याच काळातील लोकांची वस्ती उजेडात आणली.

पाटण्याचे एक पाते व इनामगावचे एक पाते शेजारी ठेवले, तर नुसत्या आकारावरून काळ सांगताना जाणकारही अडखळेल. मधे वीस हजारांहून अधिक वर्षांचे अंतर! म्हणून वावरात पाते सापडले की भोवती काय आहे ते पाहावे. तांबड्यावर काळ्या रेघांची खापरे आहेत काय? राखेची माती आहे काय? की नुसत्या गारगोट्यांचे टवके आहेत आणि खापर औषधालाही नाही? खापर असेल तर एक गोष्ट, नसेल तर दुसरी. पाते सातबाऱ्यावर गट नंबर नसलेल्या जमिनीसारखे आहे. चतुःसीमा लिहिल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही.

जागा हरवली म्हणजे काय होते, याचे ठळक उदाहरण दायमाबादचे. १९७४ साली श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी त्या गावी झाडाचे मूळ खणताना एका ग्रामस्थास चार मोठ्या धातूच्या वस्तू मिळाल्या : बैलांचा रथ, रेडा, हत्ती व गेंडा. मिळून वजन साठ किलोंवर. साऱ्या देशात नाव झाले. परंतु त्या नियमित उत्खननात थरातून निघालेल्या नसल्यामुळे त्या सिंधू संस्कृतीच्या अखेरीच्या काळातील की नंतरच्या, यावर विद्वानांत वाद झाला. पुढे १९७५ पासून १९७९ पर्यंत साळी यांनी तेथे उत्खनन केले, तरी त्या चार वस्तूंच्या काळाचा प्रश्न निर्विवाद सुटला नाही. एवढ्या थोर वस्तूंची ही गत, तर बोटभर पात्याचे काय!

आपल्याकडे गावठाणाला पांढरी आणि शेतीला काळी म्हणण्याची चाल आहे. जुन्या वस्तीची माती राखेने, शेणामातीने, भिंती पडून पडून पांढुरकी होते, म्हणून ती पांढरी. ओस पडलेल्या जुन्या गावाचे पांढरीचे टेकाड ठिकठिकाणी असते. धाब्याच्या घरावर टाकण्यास व वावरात खत म्हणून ही माती गाड्याच्या गाड्या भरून नेण्याची रीत होती. नेणाऱ्यास दोष देता येत नाही, माती खरोखरच गुणाची. पण त्या गाड्यांतून किती गावांचा इतिहास गेला असेल याची मोजदाद नाही. आता बैलगाडीच्या जागी जेसीबी आहे; वर्षभराचे काम तो एका सकाळी करतो. आपल्याच जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात भोन येथे डेक्कन कॉलेजने या शतकाच्या आरंभी उत्खनन करून इसवी सनापूर्वीच्या काळातील विटांचा स्तूप शोधून काढला. ते स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येत असल्याने त्याची चिंता निर्माण झाली. उलट २०२४ साली सिंदखेडराजा येथे लखुजीराजे जाधवरावांच्या छत्रीच्या जतनाचे काम चालू असताना जमिनीत दगडी बांधकाम दिसले, ते जपून उकरण्यात आले आणि आधी शिवमंदिराचा भाग व नंतर शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती मिळाली. पहिला दगड दिसल्यावर काम भराभर उरकले असते तर मूर्ती दिसली नसती, आणि दिसली तरी भंगलेली दिसली असती.

वस्तू सापडली तरी माणसे बोलत नाहीत, याचे खरे कारण भीती आहे. सरकार वावर घेईल, काम बंद पडेल, चौकशी लागेल. ही भीती चावडीवर पिढ्यान् पिढ्या ऐकू येते, म्हणून तिचे निरसन स्पष्ट झाले पाहिजे. वावरात पाते पडलेले सापडले एवढ्यावरून कोणाची जमीन जात नाही. एखादे स्थळ संरक्षित करावयाचे तर आधी शासनाला आपला इरादा राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो, हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते, हरकतींचा विचार करावा लागतो. गुप्तधनाचा कायदा, म्हणजे १८७८ चा निखात निधी अधिनियम, हा जमिनीत दडलेल्या व दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूंविषयी आहे. नाणी, दागिना, मूर्ती निघाल्यास जिल्हाधिकाऱ्यांस खबर देणे बंधनकारक आहे आणि लपविणे हा गुन्हा आहे. खबर देणारा मात्र गुन्हेगार नाही, हे लोक विसरतात. आणि १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरील पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही व खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठविता येत नाही. कोणी पोरांना पाचदहा रुपये देऊन असे दगड गोळा करीत असेल, तर त्यास गावाने सरळ विचारावे.

आणखी एक गोष्ट, जरा नाजूक. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडील बांदा भागात फिरणाऱ्या संशोधकांना गुळगुळीत घासलेल्या प्राचीन दगडी कुऱ्हाडी पिंपळाखाली महादेवाच्या ठाण्यावर भक्तिभावाने ठेवलेल्या आढळल्या. जगातील अनेक देशांत लोक अशा कुऱ्हाडींना आकाशातून पडलेला विजेचा दगड समजत. यात हसण्यासारखे काही नाही. वस्तू कोणाची हे ठाऊक नसताना लोकांनी ती देवापाशी ठेवली, म्हणून तर ती टिकली. फक्त शेंदूर आणि तेलाचे थर चढले की कडेची चमक, पुट, बारीक टवके सारे झाकून जाते. ठेवावयाचे तर देवळात अवश्य ठेवावे, पण कोरडे ठेवावे.

जीर्णोद्धार समितीच्या दप्तरात एक वही यासाठी राखता येईल. वस्तू सापडली की तिच्याबरोबर एक चिठ्ठी लिहावी : तारीख, गाव, शेताचा गट नंबर, धुऱ्यापासून किंवा विहिरीपासून किती पावलांवर, वर पडलेली होती की खणताना निघाली, खणताना असेल तर किती हात खोल, मातीचा रंग कोणता, जवळ खापर, हाड, राख होती काय, आणि सापडलेल्या माणसाचे नाव. मोबाइल जवळ असेल तर उचलण्यापूर्वी जागेवरच फोटो घ्यावा, शेजारी काडेपेटी ठेवून, म्हणजे आकार समजतो. ब्रशाने घासू नये, तेल लावू नये. दोन पाती एका पिशवीत टाकू नयेत, एकमेकांवर आपटून कडा तुटतात व मग त्या नव्या टवक्यांना कोणी जुने समजतो. प्रत्येक पाते वेगळ्या कागदात गुंडाळावे. दाखविण्यासाठी नागपूरला राज्य पुरातत्त्व खात्याचे कार्यालय आहे, विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग आहे, आणि १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला सारे अजब बंगला म्हणतात, तेही आहे. पुण्याला डेक्कन कॉलेज आहे. वस्तू नेण्यापूर्वी फोटो व चिठ्ठीची नक्कल पाठवावी. अस्सल चिठ्ठी वस्तूबरोबर जावी, नक्कल गावच्या वहीत चिकटवून ठेवावी आणि वस्तू ज्यांच्या ताब्यात दिली त्यांची तारखेसह पोच घ्यावी.